उंदीर मटणाने येत नाही, भोकातून येतो

भाड्याच्या घरात उंदीर निघाला की घरमालक उंदराबद्दल काहीच विचारत नाही. तो कुठून आला, केवढा होता, दिवसा दिसला की रात्री, काय कुरतडलं, यातला एकही प्रश्न नाही. प्रश्न येतात ते आपल्याबद्दल. "रात्रीची खरकटी भांडी तशीच ठेवता का?" "मुलं गादीवर बसून खातात का?" आणि भाडेकरूचं नाव माझ्यासारखं असलं तर आवाज जरा खाली आणून आणखी एक, "तुमच्यात रोज नॉनव्हेज असतं ना?" एवढं विचारून झालं की प्रकरण मिटलं. उंदीर भाडेकरूच्या नावावर चढतो आणि सिंकखालच्या पाइपाभोवतीचं भोक आहे तसंच राहतं.

मी शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. नोकरीच्या निमित्ताने मिरज, सोलापूर आणि आता पुण्यात कोंढवा, अशी पाच भाड्याची घरं झाली. मिरजेच्या कौलारू घरात न्हाणीच्या कोपऱ्यातून घूस यायची आणि पावसाळ्यात विंचू निघायचे. सोलापुरात सज्जात कबुतरांनी संसार मांडला होता. कोंढव्यात तिसऱ्या मजल्यावर उंदीर आहेत. प्राणी बदलले, गावं बदलली, घरमालकांचे धर्मही बदलले. उत्तर मात्र पाचही घरांत एकच मिळालं: तुम्ही बघून घ्या. या उत्तराविरुद्ध मला आज लिहायचं आहे.

आधी मटणाचा निकाल लावू. आपल्याकडे पिंजऱ्यात आमिष म्हणून काय लावतात? कांदाभजं, खोबऱ्याचा तुकडा, तूप लावलेली चपाती, शेंगदाण्याचा लाडू. उंदीर मांसाच्या वासाने येत असता तर महाराष्ट्रात पिंजऱ्यात भजं लावायची पद्धत पडलीच नसती. कोणत्याही गावातल्या धान्याच्या आडतीत जाऊन बघा, गुळाच्या गोदामात बघा. तिथे वर्षानुवर्षं मटणाचा तुकडा शिरलेला नसतो आणि उंदीर मात्र माणसाला भीत नाहीत इतके सरावलेले असतात. उंदराला मिळेल ते चालतं, पण त्याचं खरं प्रेम धान्यावर. ज्वारी, तांदूळ, शेंगदाणे, डाळ हे ज्या घरात आहे ते प्रत्येक घर त्याला सारखंच. फ्रीजमधल्या खिम्यापेक्षा दाराआडचं तांदळाचं पोतं त्याला जवळचं वाटतं.

राहिला प्रश्न तो येतो कसा. घरातला लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून आत शिरतो. मोठ्या काळ्या उंदराला अर्धा इंच पुरतो. हा काळा उंदीर चढण्यात पटाईत. पाइप, केबल, झाडाची फांदी, काहीही चालतं. तिसरा मजला त्याला जिन्यापेक्षा डक्टमधून जवळ पडतो. घूस जमिनीत बीळ करते आणि ड्रेनेजच्या फुटक्या चेंबरमधून, झाकण नसलेल्या न्हाणी ट्रॅपमधून वर येते. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून त्याला सतत काहीतरी कुरतडावंच लागतं. प्लास्टिकचा पाइप, लाकडी चौकट, विजेची वायर, माझ्याकडचे नववीच्या सहामाहीचे पेपर, सगळं त्याला सारखं. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मी आता पत्र्याच्या पेटीत ठेवते. शाळेत मी कुणाला सांगू, की मार्क उंदराने खाल्ले?

म्हणजे उंदीर घरात येण्याच्या वाटा या: पाइप भिंतीतून जातो तिथली फट, एसीसाठी पाडून ठेवलेलं भोक, एक्झॉस्ट फॅनची मोडकी जाळी, दाराखालची मोकळी जागा, डक्टमध्ये साठलेला कचरा, फुटलेला चेंबर. या यादीत भाडेकरूने बांधलेलं काही आहे का? एकही नाही. भिंत मालकाची, पाइप मालकाचा, डक्ट सोसायटीची, चेंबर सोसायटीचा आणि त्यापुढचं गटार महापालिकेचं. भाडेकरूचं फक्त भजं.

माणसाला झोडपायचं आणि भोकाकडे बघायचं नाही, ही सवय जुनी आहे. १८९६च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याच्या गोदामांची वस्ती. उंदीर तिथेच मरून पडत होते. सरकारने काय केलं? १८९७मध्ये साथरोग कायदा केला आणि माणसांच्या घरात शिरायला सुरुवात केली. पुण्यात रँडच्या हाताखाली सैनिकांनी घरं उपसली, सामान रस्त्यावर काढलं, बायकांची तपासणी केली. त्याचा शेवट रँडच्या खुनात झाला, हे आपल्याला शाळेत शिकवतात. मुंबईत मार्च १८९८मध्ये मदनपुऱ्यातल्या जुलाहा विणकरांनी अशाच झडतीवरून दंगा केला, हे मात्र फारसं शिकवत नाहीत. त्याच १८९८मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिलं, की प्लेग उंदरावरच्या पिसवेतून पसरतो. ते मान्य व्हायलाही पुढे काही वर्षं गेली. तोवर दोष कुणाचा? गरिबांचा, त्यांच्या चाळींचा, त्यांच्या राहणीचा. मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, दाट वस्त्या पाडल्या, आणि ज्यांची घरं गेली ते दुसऱ्या तितक्याच दाट वस्तीत जाऊन राहिले.

१९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पुन्हा प्लेग निघाला आणि पाठोपाठ सुरतेत हाहाकार उडाला. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने माणसं गेली. उंदराच्या मुतातून पाण्यात जंतू जातात, त्या पाण्यातून आपण चालतो, पायाला जखम असली की आजार आत. म्हणून उंदीर हा किळस येण्यापुरता विषय नाही. तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे. आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न "तुमच्यात नॉनव्हेज असतं ना" असं विचारून सुटत नाही.

मग भाडेकरू भांडत का नाही? भांडेल कसा! मुसलमान भाडेकरूचं अर्धं तोंड घर मिळतानाच बंद झालेलं असतं. फोनवर एजंट सगळं ठरवतो, भाडं ठरतं, डिपॉझिट ठरतं, आणि मग तो नाव विचारतो. नाव सांगितलं की "थांबा, मालकांशी बोलतो." तो फोन परत येत नाही. कधी "सोसायटी व्हेज आहे" असं सांगतात, कधी "घर गेलं हो कालच." अशी दहा घरं गेल्यावर अकरावं मिळतं. त्या अकराव्या घरात उंदीर निघाला म्हणून तक्रार करायची? करार ११ महिन्यांचा. तक्रार केली की बाराव्या महिन्यात पुन्हा "नाव काय?" पासून सुरुवात. त्यापेक्षा बाजारातून दोन पिंजरे आणलेले परवडतात. घरमालकालाही हे पक्कं माहीत असतं. ज्याला दुसरीकडे घर मिळणार नाही त्याच्या घरातली भोकं बुजवायची गरज नसते.

ही गोष्ट फक्त आमच्यापुरती नाही. एकटी राहणारी बाई, दलित कुटुंब, परप्रांतातून आलेला मजूर, चार मुलं मिळून राहणारे विद्यार्थी, ज्यांना ज्यांना घर मिळताना नाक घासावं लागतं त्या सगळ्यांच्या घरात उंदीर मुक्कामाला असतो. ज्याला घरमालक बदलता येतो त्याच्या घरात पेस्ट कंट्रोलवाला येतो.

पण बोट नेहमी दुसऱ्याकडेच दाखवायचं, हे मला जमत नाही. आपल्या वस्तीत आपलेच घरमालक आहेत. ते "नॉनव्हेज" म्हणू शकत नाहीत, कारण त्यांच्याही घरी तेच शिजतं. मग ते दीन काढतात. माझ्या आत्ताच्या घरमालकांना मी डक्टची जाळी दाखवायला गेले, तर म्हणाले, "बाजी, सफाई आधा ईमान है." मी म्हटलं, "भाईसाहब, जाळी तुटली आहे." ते म्हणाले, "वही तो. घर साफ रखा करो."

हदीस सांगायचीच असेल तर पूर्ण सांगा. रात्री झोपताना भांडी झाका, पाण्याच्या पखालीचं तोंड बांधा, दिवा विझवा, कारण उंदीर वात ओढून घराला आग लावू शकतो, असं प्रेषितांनी (स.) शिकवल्याचं बुखारीत आहे. ही कुणाच्या चारित्र्याची झडती नाही, साधी घरातली खबरदारी आहे. उंदीर तुपात पडला तर काय करावं, हाही प्रश्न त्यांना विचारला गेला होता. उत्तर तुपाबद्दल मिळालं, विचारणाऱ्याच्या ईमानाबद्दल नाही. आणि शेजाऱ्याला त्रास देऊ नये, दुसऱ्याचा हक्क बुडवू नये, ही शिकवण भाडं घेणाऱ्यालाही लागू आहे. महिन्याच्या पाच तारखेला भाडं मोजून घेणारा माणूस सहाव्या तारखेला जाळी बसवायला विसरत असेल, तर अर्ध्या ईमानाचा हिशेब त्याने आधी स्वतःच्या डक्टमध्ये डोकावून करावा.

आता कुणी म्हणेल, भाडेकरू काय सगळे संत आहेत? खिडकीतून कचरा टाकणारे कोण? नाहीत संत. शिळ्या भाताची पिशवी डक्टमध्ये सोडणारे आपल्याच बिल्डिंगमध्ये आहेत आणि त्यात भाडेकरू आहेत तसे फ्लॅटचे मालकही आहेत. बकरी ईदनंतर नको तो भाग महापालिकेच्या गाडीची वाट न बघता कोपऱ्यावर टाकून येणारेही आहेत, आणि त्याची लाज मला वाटते. म्हणूनच कामाची वाटणी स्पष्ट हवी. अन्न भाडेकरूचं: धान्य पत्र्याच्या डब्यात किंवा घट्ट झाकणाच्या पिंपात, ओटा रात्री कोरडा, कचरा बंद डब्यात. भोक मालकाचं: पाइप, जाळी, चौकट, दाराखालची पट्टी. डक्ट, चेंबर आणि कचऱ्याची जागा सोसायटीची. गटार आणि रस्त्यावरचा ढीग महापालिकेचा. चौघांपैकी तिघांनी हात झटकायचे आणि चौथ्याने रोज ओटा पुसत बसायचा, यात एकही उंदीर कमी होत नाही.

कारण उंदीर मारून संपत नाहीत. एका मादीला जेमतेम तीन आठवड्यांत पिल्लं होतात आणि अन्न-निवारा असेपर्यंत हे चालूच राहतं. मुंबई महापालिका रात्री काठ्या घेऊन फिरणारे मूषक संहारक नेमते, ते रात्रभर उंदीर मारतात, तरी मुंबईत उंदीर आहेतच. मग भाडेकरू एकटा काय करतो? विष आणतो. पिवळ्या फॉस्फरसची ती पेस्ट लहान मुलाच्या हाताला लागली तर यकृत निकामी करते. वर्षभराचं मूल असलेल्या घरात ती येताच कामा नये. रक्त पातळ करणाऱ्या विषाच्या वड्या खाऊन उंदीर दोन-चार दिवसांनी माळ्यावर कुठेतरी मरतो, वास आठवडाभर पुरतो, आणि तो मेलेला उंदीर खाणारं मांजर किंवा घुबडही त्याच विषाने जातं. म्हणजे जे फुकटात उंदीर खात होते त्यांनाच आपण मारलं.

आणि तो गोंदाचा पॅड. ज्याने तो एकदा लावला असेल त्याला पहाटेचा तो आवाज माहीत आहे. उंदीर तासन्‌तास तडफडतो, स्वतःची कातडी ओढून काढतो. जनावर कापतानाही सुरीला धार लावा, त्याला तडफडवू नका, असं ज्या धर्मात सांगितलंय, त्या धर्मातल्या माणसाच्या स्वयंपाकघरात हा पॅड मला शोभत नाही. मारायचाच असेल तर दांडीचा सापळा एका फटक्यात मारतो. पिंजऱ्यात धरून शेजारच्या सोसायटीच्या कंपाउंडपाशी सोडून येणं म्हणजे तर आपला उंदीर दुसऱ्या भाडेकरूच्या नावावर करणं.

खरा उपाय फार कंटाळवाणा आहे. तासाभराचं काम आणि थोडं सिमेंट. आधी रात्री टॉर्च घेऊन लेंड्या कुठे आहेत ते बघायचं, भिंतीवरचा तेलकट काळा पट्टा बघायचा. उंदीर रोज त्याच वाटेने जातो आणि अंगाचा मळ भिंतीला लावत जातो. ती वाट जिथे भिंतीत शिरते तिथे भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट भरायचं. नुसता कागद, थर्मोकोल, फोम भरला तर तो एका रात्रीत कुरतडतो. तार त्याला चावत नाही. न्हाणी ट्रॅपवर वजनदार लोखंडी जाळी. एक्झॉस्टला बारीक तारेची जाळी. दाराखाली पत्र्याची पट्टी. हे सगळं करायला गवंडी दुपारी येऊन संध्याकाळी जातो. डिपॉझिट म्हणून जी रक्कम मालकाने अडकवून ठेवलेली असते, तिच्यापुढे हा खर्च किरकोळ आहे.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम १४ प्रमाणे, करारात उलट काही लिहिलेलं नसेल तर जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. त्याने टाळलं तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी, त्यानंतरही वाजवी मुदतीत काम झालं नाही तर स्वतः करून घ्यावं आणि खर्च भाड्यातून कापावा. फक्त ही कपात वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको. वाचायला छान आहे. पण आपल्यातले बहुतेक लोक आज लिव्ह अँड लायसन्सवर राहतात. कायद्याच्या भाषेत ते भाडेकरू नव्हेतच, परवानाधारक आहेत, त्यामुळे या कलमाचा आधार त्यांना सहज मिळत नाही. मुदत संपून थांबलात तर दुप्पट रक्कम भरायची तरतूद मात्र त्यांच्यासाठी आहे.

केंद्र सरकारने २०२१मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला. त्यात कुठली दुरुस्ती कुणी करायची याची यादीच आहे: रंगरंगोटी, पाइप बदलणं, वायरिंग मालकाकडे, नळाचा वॉशर, तुंबलेली मोरी, खिडकीची काच भाडेकरूकडे. उंदीर-ढेकणांचं त्यात नाव नाही. न्यूयॉर्क शहराने २०१८च्या एका स्थानिक कायद्याने तीन किंवा अधिक घरं असलेल्या इमारतींच्या मालकांवर दरवर्षी तपासणी करण्याची, कीड-उंदीर आणि त्यांच्या येण्याच्या वाटा बंद करण्याची जबाबदारी टाकली. तिथल्या भाडेकरूलाही भांडावंच लागत असेल. पण भांडताना त्याच्या हातात कागद असतो. आपल्या हातात चिकटपट्टी.

म्हणून जोपर्यंत सरकार लिहीत नाही तोपर्यंत आपण लिहू. ११ महिन्यांचा करार आपणच करतो, त्यात दोन ओळी घालायला कुणी अडवत नाही. "ताबा देण्यापूर्वी पाइप, खिडक्या, ट्रॅप व दारांभोवतीच्या सर्व फटी मालक स्वखर्चाने बुजवून देईल. मुदतीत उंदीर किंवा अन्य उपद्रवी प्राणी शिरण्याची वाट आढळल्यास कळवल्यापासून १५ दिवसांत मालक ती बंद करेल, अन्यथा परवानाधारक ती बंद करून खर्च पुढील महिन्याच्या रकमेतून वळता करेल." करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी कलम ५५ प्रमाणे मालकाची आहे. त्याने ती टाळली तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. हे आपल्या एजंटांनाही माहीत नसतं, त्यांना सांगा. घर ताब्यात घेताना सिंकखालचा, न्हाणीतला, डक्टच्या खिडकीचा फोटो काढून मालकाला त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. तक्रार तोंडी करू नका. तोंडी तक्रारीला उत्तर म्हणून उपदेश मिळतो, लेखी तक्रारीला तारीख पडते.

आणि जे आपल्यातले घरमालक आहेत, मस्जिदीच्या कमिटीवर आहेत, सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, त्यांना माझं म्हणणं आहे. बाहेर घर नाकारलं म्हणून आपण अन्याय झाल्याचं सांगतो, ते खरंच आहे. पण बाहेर नाकारलेला माणूस तुमच्या दारात आल्यावर त्याच्या अडचणीचं भाडं तुम्ही वसूल करणार असाल, तर त्याला बाहेर आणि आत यात फरक तो काय दिसणार? या जुम्म्याला नमाजनंतर डक्ट उघडून बघा. कचरा कुणी टाकला ते नंतर ठरवू. आधी गवंड्याला फोन करा.